पाण्याला रकाना नाही

६ मार्च २००७

गुड मॉर्निंग पथक! नाव तालुक्याचं, शिट्ट्या ग्रामपंचायतीच्या. उघड्यावर बसायला निघालेल्याला गाठायचं, शिट्टी वाजवायची, हातात झेंडूचं फूल द्यायचं. "लाज वाटली पाहिजे," असं बीडीओ साहेब म्हणाले. दारव्ह्याहून साडेचारला स्कूटी काढली. पाचला तांड्याच्या वाटेवर आम्ही तिघं — सरपंच देवीलाल, शिपाई आणि मी, ग्रामसेविका. एम. ए. मराठी.

पहिली सापडली भागीरथाबाई. सत्तरीची, हातात डबा. फूल घेतलं आणि अंबाड्यात खोवलं. "माह्या नवऱ्यानं बी कधी देल्लं नाही, मॅडम!"

शिपाई हसला. मीही.

९ मार्च

घरोघर तपासणी. संडास कागदावर एकशे बारा, जागेवरही एकशे बारा. याचा मला अभिमान आहे. होता, म्हणू का?

भागीरथाबाईच्या संडासात पत्र्यापर्यंत कापूस. तिचा मुलगा रामलाल म्हणाला, "भाव येऊ द्या, मंग करतो मोकळा." मी म्हणाले, बक्षिसासाठी गाव तपासायला येणारी समिती भावासाठी थांबणार नाही.

म्हातारी दारात बसली होती. "विहिरीवरून डोक्यावर दोन गुंड पाणी आणते मी. त्यातच रांधनं, पेनं, बकरीचं. तुमी म्हनता एका खेपेले बादली ओत. मंग पेऊ का ओतू?"

नळयोजनेची टाकी चार वर्षं उभी आहे. कोरडी. प्रपत्रात संडासाला रकाना आहे. पाण्याला नाही.

१४ मार्च

कापूस गेला. व्यापारी म्हणाला त्या भावात.

१९ मार्च

भागीरथाबाई पुन्हा वाटेवर! देवीलाल भडकला. "याडी, तुह्यापायी गावाचं बक्षीस जाईन! आता नाव बोर्डावर." सगळा तांडा तिला याडी म्हणतो — आई.

पंचायतीच्या फळ्यावर खडूनं नाव मी लिहिलं. दुपारी ती आली. फळ्यासमोर उभी राहिली. वाचता येत नाही.

"यातलं माहं कोनतं?"

मी बोट दाखवलं. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि गेली.

२८ मार्च

नऊ दिवस वाटेवर दिसली नाही. नाव पुसलं. शिपाई म्हणाला, "सुधरली म्हातारी."

११ एप्रिल

समिती आली. पाच संडास पाहिले. सर्वांत स्वच्छ भागीरथाबाईचा. फरशीवर डाग नाही, ओल नाही. "शाब्बास, आजी!" असं म्हणून साहेबांनी फोटो काढायला लावला. तिचे ओठ फुटले होते. ऊन फार आहे, असं मला वाटलं.

१७ एप्रिल

तिला यवतमाळला नेलं. ताप, भ्रम. लघवी दोन दिवस बंद. डॉक्टरांनी रामलालला विचारलं म्हणे — या पाणी पीत नव्हत्या का?

२० एप्रिल

भागीरथाबाई गेली.

२३ एप्रिल

तांड्यावर जाऊन आले. रामलाल उठून बाहेर गेला. त्याची बायको बसंती बोलली, खाली बघत.

फळ्यावर नाव लागलं त्या दिवसापासून सासूनं पाणी तोडलं. सकाळी एक घोट, संध्याकाळी एक. भाकर अर्धी. "पोटात गेलं नाही तं भायेर जायाचं काम नाही," म्हणायची. संडासात पाणी ओतायचं तिच्या जिवावर यायचं. बसंती भरलेला तांब्या समोर ठेवायची. म्हातारी तो बकरीपुढे सरकवायची.

चाळीसच्या वर पारा होता तेव्हा. मी रोज त्या घरावरून जात होते. शिट्टी गळ्यात.

२६ एप्रिल

लिहवत नाही.

२ मे

बसंती मृत्यूच्या दाखल्यासाठी ऑफिसात आली. मी सही करत होते.

"लय समजावलं मी याडीले. म्हनलं, पानी पे, मरशीन. तं म्हने, मॅडम दिवसभर ऑफिसात रायते, थेंब नाही घेत. तिले काही होते का?"

खरं आहे. या ग्रामपंचायतीत संडास नाही. सहा वर्षं मी घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाही.