चुलत पणजोबांचे त्रेचाळीस वंशज

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने पूर्ण आडवा झालो आहे असं समज). तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस की कुंडीत ओततेस? मागच्या खेपेला तुझ्या खिडकीतलं झाड ज्या जोमाने वाढलं होतं, त्यावरून मला दाट शंका आहे.

तू नको म्हणत असतानाही मी त्या वंशावळवाल्यांच्या संमेलनाला जाऊन आलो. हेतू एकच होता. माझ्या ब्लॉगवर चार वर्षांपूर्वी मी जो खोटेपणा केला, तो सगळ्यांसमोर कबूल करून मोकळं व्हायचं. (तू विसरल्याचं सोंग करशील म्हणून उजळणी करतो. पणजोबांना एक धाकटा भाऊ होता, तो सहाव्या वर्षी तापाने गेला, एवढंच आजोबा सांगत. वंशवृक्षात त्याच्या चौकटीखालची कोरी जागा मला बघवेना. मग मी त्याला तापातून उठवलं, मोठं केलं, शाळेत घातलं आणि माझी सहावीतली कविता त्याच्या नावावर छापून टाकली. यात कोणाचं काय बिघडतंय, असं तेव्हा वाटलं.)

संमेलन एका शाळेत होतं, सुट्टीच्या दिवशी. खडूचा वास, फळ्यावर अर्धवट पुसलेली तारीख, बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं. आता कोणीतरी आपल्याला कविता म्हणायला उभं करणार, असं वाटून माझे डोळे भरून आले. मग गुडघे बाकाखाली अडकले आणि उमाळा ओसरला. दारातच प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावत होते. त्यावर नाव नाही, तर किती पिढ्या सापडल्या तो आकडा! त्यामुळे माणसं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत होती. चौदावाला अकरावाल्याशी बोले, आणि अकरावाला माझ्यासारख्या सहावाल्याला पाण्याचा माठ कुठे आहे ते विचारी. हे सगळे ब्लॉग लिहितात, म्हणजे एकमेकांचं उतरवून काढतात. एकाने चूक केली की दुसरा ती उतरवतो, तिसरा त्या दोघांचा आधार देतो, आणि चौथ्यापर्यंत ती चूक सर्वमान्य झालेली असते. आपल्या वर्गात यासाठी बाकावर उभं करत. इथे टाळ्या वाजवतात.

त्यातला मुकुटमणी म्हणजे एक निवृत्त मोजणीदार, बिल्ला चौदा. त्याच्या भाषणाचा विषय 'एका कवी पूर्वजाचं स्थलांतर'. दिवे मालवले आणि पडद्यावर माझीच कविता!

गेली होडी, उरला काठ,
नावाड्याची दिसते पाठ.

आठवतं ना? मास्तरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'वल्हवणारा काठाकडे तोंड करून बसतो. पाठ दिसणार नाही. दोन गुण वजा.' मोजणीदार मास्तरांच्याही पुढचा निघाला. पाठ दिसते, म्हणजे होडीला वल्हं नव्हतं, बांबू होता. बांबू होता, म्हणजे पाणी उथळ. उथळ, म्हणजे उन्हाळा. तस्मात चुलत पणजोबांनी उन्हाळ्यात घर सोडलं. आधार किती, तर सतरा ब्लॉग. (सतराही मी उघडून पाहिले आहेत. सगळ्या वाटा माझ्याच दारात येतात.) सहाव्या वर्षी गेलेल्या पोराचे या शहाण्यांनी त्रेचाळीस वंशज शोधून काढले आहेत!

त्यांतली एक माझ्या शेजारीच बसली होती. दातांची डॉक्टर. "आजोबा," माझा चेहरा उजेडाकडे वळवत ती म्हणाली, "आपलं नाक बघा. एकच ठेवण!" आता माझं नाक तिसरीत झोपाळ्यावरून पडून वाकडं झालं, ते तिच्यात कुठून उतरणार? पण फोटो काढून झाला, आणि माझं नाक बहुधा आतापर्यंत अठराव्या ब्लॉगवर गेलंही असेल.

मग मला दहा मिनिटं दिली. खिशात चिठ्ठी होती, 'असे गृहस्थ नव्हतेच.' तीन शब्द, तीस सेकंदांचं काम. उभा राहिलो, चष्मा लावला, तोच मागून कोणीतरी ओरडलं, "काका, माईक तोंडाजवळ घ्या!" मी माईकशी झटत असताना डॉक्टरीण उठली आणि ती कविता तोंडपाठ म्हणायला लागली. म्हणाली, "बाबा गेले त्या दिवशी मला दुसरं काही सुचलंच नाही. हेच म्हणत बसले होते." 'पाठ' या शब्दावर तिचा आवाज फाटला. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्यामागे सगळा वर्ग (सभागृह म्हणायला हवं).

"पुढचं कडवं कुठंय, आजोबा?"

अक्का, साठ वर्षांत त्या कवितेचं पुढचं कडवं कोणी मागितलं नव्हतं. मास्तरांनी तर पहिलंच परत केलं होतं. चिठ्ठी खिशातच राहिली. "वहीत आहे," मी म्हणालो, "अक्काकडे."

एकूण काय, माणसं भोळसट, आळशी आणि पुराव्याच्या नावाने शून्य. पुन्हा त्यांच्या वाटेला जाणार नाही.

तुझा,
धाकटा (बिल्ला सहा)

ता. क. डॉक्टरीण आणि मोजणीदार येत्या रविवारी तुझ्याकडे वही बघायला येत आहेत. ती पेटीतून काढून ठेव. 'इयत्ता सहावी, तुकडी ब' लिहिलेला पुठ्ठा तेवढा काढ आणि लाल शेऱ्याचं पान दुमडून ठेव (फाडू नकोस). दुसरं कडवं मला आठवत नाही. वहीत नसेल तर तूच काहीतरी लिही. तशीही त्या वहीतली निम्मी अक्षरं तुझीच आहेत.

ता. ता. क. खरं सांगून टाकायचं असेल तर तू मोठी आहेस, तुझी मर्जी. एवढंच बघ, की आपल्या झाडात सगळ्यात खाली आपण दोघंच आहोत आणि त्याखाली कोरा कागद. ती मला आजोबा म्हणते.

आणि हो, ती नाक दाखवील. झोपाळ्याचा विषय काढू नकोस. झोका कोणी दिला होता, तेही मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.