कावळ्यासमोर दिलेला शब्द

अहो,

ऐकताय ना? तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात रोज तुमच्याशी भांडते. आज कागद घेऊनच बसलेय, कारण उद्या सकाळी गाडी येणार आहे आणि मी तुमच्या आईंना घराबाहेर नेणार आहे. तुम्हाला दिलेला शब्द मोडून!

दहाव्याला खाडीवर काय छळलंत आम्हाला! पिंड मांडून सगळे उन्हात ताटकळलेले, कावळे समोरच्या झाडावर, पण एक खाली उतरेल तर शपथ. तुमचा भाऊ म्हणाला, "दादा, वहिनींच्या पाठीशी मी आहे." नाही! शेवटी मीच हात जोडले. "आईंना मी कधीच घराबाहेर ठेवणार नाही, शेवटपर्यंत मीच करीन." लगेच शिवला. आई शेजारीच उभ्या होत्या, माझा हात घट्ट धरून.

एवढी कसली घाई होती हो? "जमेल तेवढं करीन" म्हणेपर्यंत थांबला असतात तर?

आई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मी मोठ्या तोऱ्यात त्यांना घरीच आणलं. नर्सिंग ब्यूरोची बाई आठवडाभरही टिकली नाही. त्यांना कुशीवर वळवता वळवता माझी कंबर धरली आणि त्यांच्या पाठीला जखम झाली. बेडसोर, अहो! मी रजा काढून घरात असताना! डॉक्टरांनी झाप झाप झापलं. "आत्ता चालवलं नाही तर कायमच्या झोपतील. फिजिओ, नर्स असेल अशा सेंटरला ठेवा."

मग निघाले सेंटरं बघत. खारघरचं एक चकाचक. एसी, फिशटँक, गोड बोलणारी मॅडम. आत गेले तर चालायच्या व्यायामाच्या दांड्यांवर टॉवेल वाळत घातलेले. म्हणजे त्या धरून कुणी चालतच नाही! वर म्हणे, "भेटायला फक्त रविवारी या, मग पेशंट लवकर सेटल होतो." जिन्यात बसून रडले मी.

नेरुळचं जुनाट आहे, फिनेलचा नुसता भपकारा. पण तिथे एक आजोबा दांड्या धरून ओरडत होते, "सोड रे, मेलो!" आणि फिजिओ म्हणत होता, "शिव्या द्या काका, पण पाय टाका." एका आजींना विचारून मी त्यांची चादर वर केली, टाचा बघितल्या. जखम नव्हती. सिस्टर म्हणाली, "कधीही या, न सांगता या." तिथेच बेड धरला.

बरोबर केलं ना? कुणाला विचारू? तुमच्या भावाला फोन केला, तर "वहिनी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." सुटला!

संध्याकाळी आईंना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "तू त्याला सांगलंस ना, मना घरान ठेवशील?"

काय उत्तर देऊ, सांगा ना! जन्म सगळा इथे बोनकोड्यात गेला त्यांचा. मांदेली मासळीच्या कालवणाशिवाय घास उतरत नाही, आणि तिथे रोज दुधी. घरी ठेवू तर जखम वाढणार, नेऊ तर त्यांना वाटणार, सुनेने टाकलं. तुम्ही असतात तर दोघांनी मिळून उचललं असतं त्यांना.

आता हा नवा शब्द घ्या. रोज ऑफिसातून थेट नेरुळला जाईन, मांदेलीचा डबा घेऊन. सिस्टरला विचारलंय, चालेल म्हणाली. आई चालायला लागल्या तरी घरी आणीन, नाही लागल्या तरी घरी आणीन. त्यांची खाट जागची हलवणार नाही.

सकाळी खिडकीच्या ग्रिलमध्ये भाताचा घास ठेवते. नाही आलात तरी मी त्यांना नेणारच आहे.

पण शिवा हो. आईंना दिसेल असा ठेवते.

तुमचीच,
सुलभा