शिडीवरचा शुक्रवार

अक्का, तुमचा एक नियम मी मोडला आहे, आणि माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. धुळ्याचं आपलं वसतिगृह आता दुसऱ्या बाई बघतात, स्वयंपाकघरात गॅस आला आहे. माझ्या डोक्यात मात्र तुम्ही अजून चुलीसमोरच बसलेल्या असता. ईस्टरआधीच्या लेंटमधला शुक्रवार असतो, तुमच्या पोटात आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय काही नाही, आणि तुम्ही आम्हा चाळीस मुलींसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापताय. केसांना तेल, घट्ट वेणी, धुतलेला चेहरा. उपास आहे हे कुणाला कळता कामा नये. "देव आणि तू. तिसऱ्याचं काय काम?" भूक उसळली की लगेच एका वाक्याची प्रार्थना म्हणायची, म्हणजे मन ताटाकडे धावत नाही, ही तुमची रीत.

आठवीत मी वहीच्या मागच्या पानावर उपासाचे चौकोन आखले होते, पाळलेल्या दिवसावर बरोबरची खूण. तुम्ही ते पाहिलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "देवाला हजेरी दाखवतेस का गं?" खोडरबर हातात दिलात. मी पान कोरं केलं. पुढे पॉलिटेक्निकसाठी जळगावला निघाले तेव्हा तुम्ही खोबरेल तेलाची लहान बाटली दिलीत, बुचाखाली कापूस लावलेली. "उपासाच्या दिवशी आठवणीनं लाव. आणि कुणी विचारलं जेवलीस का, तर झालं म्हणायचं." मी म्हणत राहिले. मेसमध्ये म्हटलं, नोकरीत म्हटलं.

नोकरी साक्रीच्या पठारावर आहे, पवनचक्क्यांच्या देखभालीची. ऐंशी मीटरचा मनोरा, आतून सरळ शिडी. वर चढणाऱ्यांत बाई मी एकटीच. रोज सकाळी आमचे सुपरवायझर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, तक्ता घेऊन उभे राहतात. झोप झाली का, औषध घेतलंय का, न्याहारी झाली का. उत्तर द्यायचं, सही करायची. उपाशी माणसाला वर सोडत नाहीत, कारण चक्कर आली तर त्याला खाली आणायचं काम जोडीदाराचं. तीन वर्षं लेंटच्या प्रत्येक शुक्रवारी मी न्याहारीपुढे "हो" लिहिलं. डोक्याला तेल, त्यावर हेल्मेट.

या मार्चमधल्या एका शुक्रवारी मी वर पोचत आले होते. शिडीवरून फलाटावर जाताना शिडीचा सुरक्षादोर सोडण्याआधी कमरेचा हूक फलाटाच्या कडीला अडकवायचा, हे झोपेतही चुकू नये असं काम. मी तुमच्या रीतीने प्रार्थना म्हणत होते. दोर सोडला. हूक माझ्या हातातच होता.

"ताई, हूक!" फलाटावर आधी पोचलेल्या जोडीदाराने माझा पट्टा धरून मला आत ओढलं. तो जवळच्याच गावचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. खाली आल्यावर म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? ऐंशी मीटर शे ताई, ओटा नाही."

पुढच्या शुक्रवारी नानांनी विचारलं, "न्याहारी?" मी म्हटलं, "नाही." सगळे वळून बघायला लागले.

"उपास आहे," मी सांगितलं. "लेंटमध्ये दर शुक्रवारी असतो."

"तुमच्यातही असतो? मग साबुदाण्याचे दोन घास खा की, डबा आहे माझा."

"चालत नाही."

"केळं? सावद्याचं आहे."

"केळंही नाही."

"भलताच कडक उपास शे," जोडीदार म्हणाला. लोक हसले. नाना हसले नाहीत. "मग तीन वर्षं हो कसं लिहिलंत?"

"खोटं लिहिलं."

मग जोडीदार बुटांकडे बघत हळूच म्हणाला, "नाना, मना बी शनिवार ऱ्हास. मी बी हो लिखस."

म्हणजे शुक्रवारी मी उपाशी, शनिवारी तो, आणि दोघंही एकमेकांच्या "हो"वर भरवसा ठेवून शिडी चढत होतो. तिसऱ्याचं काय काम, म्हणायचात ना? शिडीवर तिसरा असतो, अक्का. त्याला दोन मुली आहेत.

तेव्हापासून शुक्रवारी मी जमिनीवर, शनिवारी तो, पडद्यावरचे आकडे बघत. एक इंजिनिअर मला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेवटी मुलींना खालचंच काम बरं पडतं." मी म्हटलं, "शनिवारी जोडीदाराच्या जागी मी चढते. येऊन बघा." ऑफिसने कळवलंय की उपास सोडा, नाहीतर चढणाऱ्यांच्या यादीत नाव ठेवायचं की नाही याचा विचार करावा लागेल. त्यांनी विचार करावा. मी उपास सोडणार नाही, शिडीही सोडणार नाही, आणि तक्त्यात खोटं तर आता मुळीच लिहिणार नाही. तुम्ही म्हणाल, गावभर केलंस. नाही केलं. विचारलं तेव्हा उत्तर दिलं. मिरवणं वेगळं आणि खरं उत्तर वेगळं, हा फरक तुम्ही आम्हाला शिकवायला हवा होता.

आजही शुक्रवार आहे. सगळ्यांना माहीत आहे, तरी सकाळी तेल लावलंच. ते का, ते मला सांगता येणार नाही.

एक नोंद राहिली. माझं लक्ष प्रार्थनेत होतं असं मी नंतर नानांना सांगितलं, जोडीदारालाही, आणि वर इथेही तेच लिहून दोष तुमच्या रीतीवर ढकलला. हा कागद घडी घालून लॉकरमध्येच राहणार आहे, तेव्हा तक्ता नीट भरते. त्या दिवशी, फलाट तीन पायऱ्या वर असताना, मी प्रार्थना म्हणत नव्हते. तुमच्या तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीचा विचार करत होते. वर ठेचा, आणि ठेच्यावर तुम्ही सोडायचात ते तेल.