आतली कडी

अहो,

छकुलीला घेऊन ताईकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. सासूबाईंना एवढंच सांगा की ताईला बरं नाही.

काल तुम्ही माळ्यावरून पाळणा काढलात, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलात आणि म्हणालात, "आता दुसऱ्याची तयारी." मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन ओकले.

छकुली रात्री उठते म्हणून मी तिच्या खोलीत झोपते, हे खोटं आहे. ती डाराडूर झोपते. तुमची पावलं वाजली की मीच दचकून उठून बसते. तिच्या वेळी तुम्ही बंद दाराबाहेर होतात. आत मी गुरासारखी ओरडत होते, देवाकडे मरण मागत होते. सासूबाई म्हणतात, दुसऱ्या खेपेला सोपं जातं. जातही असेल. पण मला ते पुन्हा नको हो, हात जोडते.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही जवळ घ्यावं असं फार वाटतं, आणि घेतलंत की जीव नुसता घाबराघुबरा होतो. हे तोंडाने सांगायला गेले की रडूच येतं, म्हणून लिहिलं.

साऱ्या गावाची दारं तुमच्या हातची, आणि आपल्याच घरात छकुलीच्या खोलीला आतून कडी नाही. पाळणा परत माळ्यावर टाका आणि आधी ती कडी बसवा. बसवलीत की फोन करा, त्याच दिवशी येईन.

मी कडी लावून झोपले तर दार वाजवू नका. उघडायचं तेव्हा मीच उघडीन.