लेक आणायची गाडी

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळ.

काल बार्शीटाकळीला प्रणालीचं डोहाळजेवण झालं. पहिलं बाळंतपण, म्हणजे लेक माहेरी अमरावतीला येणार. मी भर पंगतीत उभं राहून सांगितलं की आठवा महिना लागायच्या आत नवी गाडी घेऊन येईन, स्वतः चालवत येईन आणि लेकीला घेऊन जाईन. सगळे वा वा म्हणाले. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई माणिकबाई, म्हणाल्या, इवाईबुवा, तुमाले गाडी चालवता येते हे आमाले मालूमच नव्हतं. मी नुसता हसलो. अशा बोलण्यावर हसणंच बरं.

आठव्यात गर्भारशीला हलवत नाहीत, आणि आठवा लागतो दसऱ्याला. म्हणजे वेळ भरपूर. भातकुलीचं शेत बायपासमध्ये गेलं, त्याचा मोबदला बँकेत पडून आहे. प्रश्न एकच राहिला: डिझेलची फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यायची की ती प्लग लावायची हायब्रिड. चालवणं काय, चार दिवसांत येतं. लायसन आहेच. ते निघालं त्या काळी चालवून दाखवायची पद्धत नव्हती. शिवाय मी चाळीस वर्षं सायकली विकल्या. चाक ते चाक. आणि चारचाकी उभी केली तर पडत तरी नाही.

२६ ऑगस्ट.

अभ्यासाला लागलो. शाळा सातवीत सुटली, पण सायकलच्या कॅटलॉगवरून इंग्रजी शिकलो, तर गाडी काय चीज आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. डिझेलवालीत चारही चाकांना जोर असतो. आपल्या काळ्या मातीत पाऊस झाला की साधी गाडी जागेवरच फुगडी घालते, ही मात्र निघते. प्लगवाली घरी चार्ज करायची, थोडं अंतर बॅटरीवर, मग पेट्रोलवर.

बायको, गोदा, म्हणाली, बार्शीटाकळीपर्यंत डांबरी रोड हाये, तुमी पोरीले आणाले चालले का वावर नांगराले? आणि वरून म्हणाली, अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्याले आणा ना, किती सोपं. तिला सांगितलं, रेल्वे गर्भारशीला धोक्याची. जिने, गर्दी. तिला चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल समजत नाही. मलाही अजून पुरतं समजलेलं नाही, पण मी वाटेवर आहे.

२९ ऑगस्ट.

डिझेलवालीची टेस्ट ड्राइव्ह झाली. शोरूममधली आरती म्हणून मुलगी, फार गोड. म्हणाली, काका, बसा ना स्टिअरिंगवर. मी म्हटलं, बेटा, मालकानं गाडी आधी मागच्या सीटवरून पाहावी. लेक मागेच बसणार आहे. तिला पटलं. निदान तिनं वाद घातला नाही.

निष्कर्ष: गाडी ताकदीची, पण पायरी उंच. प्रणालीला चढायला पाट ठेवावा लागेल. आवाजही फार. बाळ आतल्या आत दचकेल. आणि एवढ्या उंचावरून बाकीच्या गाड्या पायाखाली आल्यासारख्या दिसतात. एका स्कूटरवाल्यासाठी मी ओरडलो. आरतीनं सांगितलं की तो आपल्यापासून फार लांब आहे.

३ सप्टेंबर.

प्लगवाली. आरतीनं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मी म्हटलं, बेटा, बंद पडली. ती म्हणाली, काका, आपण चाललोय. पाहतो तर पंचवटी चौक खिडकीतून मागे चाललेला! माणूस मरतानासुद्धा थोडा आवाज करतो. खिडकीच्या वरचं धरायचं हँडल मात्र एकदम मजबूत आहे. अख्ख्या फेरीत तपासलं.

संध्याकाळी गयासुद्दीनभाईंना विचारलं. माझ्या दुकानाशेजारी त्यांचं पंक्चरचं दुकान होतं, आमची मैत्री तेव्हापासूनची. ते म्हणाले, खुशालभाऊ, एक इंजिन का तो भरोसा नहीं, तुमी दोन-दोनचं टेन्शन काहून घेता? विचार करण्यासारखं आहे. दोन्ही गाड्यांसाठी नाव टाकून ठेवलं.

५ सप्टेंबर. पहाटे.

स्वप्न पडलं. प्रणाली मागे बसली आहे, मी चालवतो आहे, आणि ब्रेक दाबला की पाय खाली जातच राहतो, जसा कापसाच्या ढिगात. ती मागून म्हणते, बाबा, आता किती दूर? घामानं बनियन भिजलं. गोदानं विचारलं काय झालं. मी म्हटलं, अॅसिडिटी.

एकटा असतो तर केव्हाच चालवली असती.

८ सप्टेंबर.

पितृपक्ष लागला. आता घट बसेपर्यंत गाडी घेता येत नाही. रीतच आहे, माझ्या हातात काय? फार वाईट वाटलं. जेवताना भात दोनदा मागून घेतला.

१२ सप्टेंबर.

मधल्या वेळात सराव. गयासभाईंची जुनी जीप, कठोरा रोडकडचं रिकामं ले-आउट, प्लॉट पाडलेले, घर एकही नाही. गयासभाई शेजारी. पहिल्या गियरमध्ये दोन वेळा उडी मारून गाडी निघाली. समोर बकरी आली म्हणून थांबवली. बकरी गेली तरी काही वेळ थांबलो, तिच्या मागून पिल्लू येतं असा अनुभव आहे. गयासभाई म्हणाले, अरे भाऊ, क्लच सोडा ना, तो गाडीचा हाये, तुमच्या बापजाद्यांची निशाणी नाई!

तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यानं ट्रक गेला, आणि इंजिनमधून जोरात ठोके यायला लागले, धडधड धडधड. मी गयासभाईंना म्हटलं, ऐका, काहीतरी बिघाड आहे. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. ठोके येतच राहिले. जुन्या जीपचं काही सांगता येत नाही.

घरी त्यांनीच चालवत आणलं. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस.

१३ सप्टेंबर.

प्लगवालीला क्लच नसतो! म्हणजे अर्धी विद्या आपोआप आली.

१६ सप्टेंबर.

प्रणालीचा फोन. पाय सुजतात म्हणाली. मग म्हणाली, बाबा, घाई नका करू, पण या बरं. म्या गल्लीतल्या साऱ्या बायांले सांगून ठेवलं, माये बाबा सोता गाडी घेऊन येऊन राह्यले म्हणून.

मग जावयांनी, अंकुररावांनी फोन घेतला. त्यांचं तिथं कृषी केंद्र आहे, घरी फक्त मोटारसायकल. ते म्हणाले, मित्राची कार आहे, मी थेट अमरावतीला आणून सोडतो म्हटलं, पण ही ऐकत नाही. म्हणते, बाबांनी शब्द दिला.

डोळे भरून आले. त्यानंतर मोबाईलवर रस्त्याचा नकाशा पाहिला.

सावरल्यावर परत फोन लावला आणि तोडगा काढला: मित्राच्या कारनं अकोल्यापर्यंत आणा, तिथून माझी जबाबदारी. बार्शीटाकळीचा रस्ता माझ्या ओळखीचा आहे, पण ड्रायव्हरच्या बाजूनं नाही. अकोला ते अमरावती हा खरा रस्ता. शब्द मोडला असं कोणी म्हणणार नाही.

१९ सप्टेंबर.

अकोल्यात उड्डाणपूल आहेत हे लक्षात आलं. चढताना पुढचं दिसत नाही. न दिसणाऱ्या रस्त्यावर गर्भारशीला नेणं बेजबाबदारपणाचं. मूर्तिजापूर ठरवलं. जवळपास मध्येच पडतं, अर्धं त्यांनी, अर्धं मी. दोन्ही घरांचा मान राहतो. अंकुरराव म्हणाले, बरं बाबा. फोनवर मागून माणिकबाईंचा आवाज आला, इवाईची गाडी कारखान्यातून निघाली का म्हणा अजून? फोन ठेवला. नेटवर्क खराब होतं.

पेपरचं तिसरं पान वाचणं बंद केलं. महामार्गाच्या बातम्या तिथंच येतात.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

निर्णय घेतला! प्लगवाली. सगळ्या बाजूंनी विचार करून घेतला. पायरी बुटकी, क्लच नाही, बाळाला आवाज नाही. शिवाय उभी असताना ती चालू आहे की बंद, हे बाहेरच्याला कळत नाही. याचा उपयोग होईल असं वाटतं.

हार घातला, नारळ फोडला, गोदानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. घरापर्यंत आरतीनंच आणली, आणि अंगणात रिव्हर्स घेऊन तोंड गेटकडे करून लावून दिली. म्हणाली, काका, आता फक्त सरळ निघायचं. किती समजूतदार पोरगी.

२५ सप्टेंबर.

तीन दिवस जोरात सराव चालू आहे. सीट मागेपुढे, आरसे, वायपर, हॉर्न सगळं जमतं. हॉर्न उत्तम. समोरच्या सुंदराबाई बाहेर येऊन म्हणाल्या, भाऊ, गाडी चालवाची नसन तर वाजवू तरी नका, नातू झोपला हाये. गाडी पूर्ण चार्ज आहे. पहिल्या दिवसापासून आहे.

संध्याकाळी अंकुररावांचा फोन आला. फार जपून बोलत होते. म्हणाले, बाबा, रविवारी मी हिला रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंतच आणू का? तिथून तुमचं घर जवळ. मी म्हटलं, तुमची इच्छा. जावयाचा शब्द मोडू नये. आणि गर्भारशीला रेल्वेच बरी, धक्के नाहीत. गोदा पोळी लाटता लाटता माझ्याकडे पाहत राहिली.

बडनेरा म्हणजे अंगणच. हे मी डोळे मिटून करीन.

२८ सप्टेंबर, रविवार.

पांढरा सदरा घातला. गोदा शेजारी बसली. बटण दाबलं. D मध्ये टाकली. गाडी आपोआप हलली! मी पाय कशावरच ठेवला नव्हता. ब्रेक दाबला. सोडला, पुन्हा हलली. जी गाडी न सांगता चालते तिच्या भरवशावर लेक कशी बसवायची? तरी नेटानं गेटपर्यंत आणली. तेवढ्यात समोरून गिट्टीचा ट्रक गेला, आणि प्लगवालीतही तेच जीपवाले ठोके सुरू झाले. क्लच नसूनही.

गोदा खाली उतरली. मला वाटलं, रस्ता मोकळा आहे का पाहायला. तिनं ऑटो थांबवला. म्हणाली, चला, पोरगी पलाटफारमवर उभी राहीन.

ऑटोनं गेलो. रेल्वे वेळेवर आली. प्रणाली उतरली, पोट केवढं मोठं झालं आहे, चेहरा मात्र लहानपणचाच. माझ्या पाया पडायला वाकू लागली, मी धरली. मग बाहेर आलो तेव्हा ती माझ्या पाठीमागे पाहू लागली, जिथं कार उभ्या करतात तिथं. एकेक गाडी पाहत गेली.

मी म्हटलं, बेटा, गाडी चार्जिंगला लावली आहे.

ती म्हणाली, हो बाबा.

अंकुररावांनी बॅग ऑटोत ठेवली. रस्ताभर तिनं माझा हात धरून ठेवला होता. ऑटोला धक्के फार, तिला आधार हवा असेल.

३० सप्टेंबर.

लेक दसऱ्याच्या आत घरी आली. ठरलं होतं तसंच झालं.

आज दुपारी लाईट गेली. उकाडा असा की जीव नको. प्रणाली घामाघूम, तिला श्वास पुरेना. मीच उपाय काढला: गाडीत चल. इंजिन न लावता बॅटरीवर एसी चालतो, डिझेलवालीत हे जमलं नसतं. मागच्या सीटवर उशी लावून, पाय लांब करून तिला निजवलं. पुढे कोणीतरी बसायला हवं, म्हणून मी स्टिअरिंगवर बसलो. गाडी P मध्ये, हँडब्रेक ओढलेला, समोर बंद गेट. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, व्हिडिओत सांगतात तसे.

ती लगेच झोपली. आरशात तिचा पोटावरचा हात दिसत होता, वरखाली होणारा. मी आरशात पाहत होतो, मग गेटकडे, मग पुन्हा आरशात. रस्त्यावरून ट्रक गेला तेव्हा ब्रेक दाबला, आणि मग सोडलाच नाही. मागे लेक असली की धोका कशाला घ्यायचा? गोदा ताक घेऊन आली. काचेतून एकदा मला पाहिलं, एकदा तिला, आणि हळू आवाजात म्हणाली, सावकाश न्या बरं.

बऱ्याच वेळानं प्रणाली जागी झाली. डोळे न उघडताच म्हणाली, पोचलो का बाबा?

मी म्हटलं, पोचलो बेटा.

मग ब्रेकवरचा पाय काढला. मांडीपर्यंत मुंग्या आल्या होत्या. मला उतरवायला गोदाला हाक मारावी लागली.