खंडेनवमीचं गंध आणि पद्मजाची नळी

कर्वेनगर, पुणे
मार्गशीर्ष पौर्णिमा, १९९९

तीर्थस्वरूप मुक्ताक्कास,

धाकट्या रंगनाथाचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावजी अजून पहाटे फिरायला जातात, की नुसतेच बूट घालून ओसरीवर बसतात? तू वर्ध्याहून पाठवलेले सरगुंडे पोचले, दुधात शिजवून खाल्ले. पुण्यात सरगुंडे म्हटलं की लोक आधी स्पेलिंग विचारतात, त्यामुळे कुणाला द्यावे लागले नाहीत. आम्ही दोघं बाप-लेक बरे आहोत. म्हणजे प्रकृतीने बरे आहोत. बाकीचं कुठून सांगावं तेच कळत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच सांगतो.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, की पद्मजा त्या प्रयोगशाळेत नेमकं करते काय. अक्का, हा प्रश्न मलाही आहे. खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंचा शंभू अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे. येत्या एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर शंभर वर्षं मागे जाणार आहेत म्हणे, आणि ते जाऊ नयेत म्हणून शंभू त्यांना धरून बसला आहे. हे सबंध सोसायटीला समजतं. (सुशीलाबाईंनी तर बँकेचं पासबुक आत्ताच भरून आणलं.) पद्मजाचं तसं नाही. ती सांगते ते असं: आपल्या शरीरात आरएनए नावाची फार बारीक साखळी असते, आणि कुठलं प्रथिन बनवायचं याचा हुकूम तिच्यावर असतो. काही आजारांत हा हुकूमच चुकीचा निघतो. तेवढाच नेमका तोडता आला, तर आजाराची वाट बंद. तोडण्यासाठी ती पेप्टाइड बनवते, म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा. बारीक कणांवर एकेक मणी ओवायचा, सगळं धुऊन घ्यायचं, मग पुढचा मणी. यात आठवडेच्या आठवडे जातात आणि शेवटी नळीच्या तळाशी एक पांढरी चिमूट उरते, देवापुढे ठेवायलाही पुरणार नाही इतकी. मी विचारलं, असं तोडणारं शरीरात आधीपासून नसतंच का? म्हणाली, असतं की, भरपूर असतं. मग तू कशाला बनवतेस? तर म्हणाली, बाबा, ते दिसेल ते तोडत सुटतं, मला सांगितलं तेवढंच तोडणारं हवंय. हे मात्र मला एकदम पटलं. कारखान्यात आमच्याकडे दोन्ही प्रकारची माणसं होती.

आता खंडेनवमी. खडकीला नोकरीत होतो तोवर त्या दिवशी माझ्या लेथला गंध-फूल वाहिल्याशिवाय मी हात लावला नाही, आणि लेथनेही कधी तक्रार केली नाही. निवृत्तीनंतर घरात पूजेला उरलं काय? अडकित्ता, इस्त्री आणि टीव्हीचा रिमोट. (गेल्या वर्षी रिमोटला गंध लावलं, तेव्हापासून त्यावर आवाज फक्त वाढतो.) यंदा पद्मजा त्याच दिवशी सकाळी प्रयोगशाळेत निघाली. सुट्टी होती, पण तिची चिमूट नुकतीच तयार झाली होती आणि ती पाण्यात विरघळवून ठेवायची होती. मी झेंडूची पिशवी आणि गंधाची वाटी घेऊन मागे लागलो. तिची आई असती तर तिनेही हेच केलं असतं, असं म्हटलं. मग नेलं तिने. दाराला तोरण बांधा, तराजूजवळ फूल ठेवा आणि बाकी कशाला हात लावू नका, एवढं सांगून ती पलीकडच्या खोलीतून बर्फ आणायला गेली.

मी तोरण बांधलं. तराजूला फूल वाहिलं. आणि मग मला ती नळी दिसली. करंगळीच्या पेराएवढी, वर पद्मजाच्या नावाचं अक्षर. अक्का, तूच सांग, दाराची पूजा करायची, तराजूची करायची, आणि जिच्यासाठी पोरीने डोळे फोडून घेतले ती तशीच ठेवायची? बंद झाकणाला गंध लावणं म्हणजे देवळाच्या कुलपाला नमस्कार करण्यापैकी. मी झाकण उघडलं, आतून गंधाचं बोट टेकवलं, परत लावलं आणि हात जोडले. पद्मजा बर्फ घेऊन आली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

दिवाळीच्या आधी तिने त्या नळीतला थेंब आरएनएवर घातला, आणि तोडलं! नुसतं तोडलं नाही, भुगा केला. शेजारी नुसत्या पाण्याची नळी होती, तिच्यात आरएनए जसाच्या तसा. तिचे सर (हसणं त्यांच्या स्वभावात नाही, ते पुण्याचेच आहेत) चक्क म्हणाले, ‘बरं दिसतंय.’ हैदराबादच्या परिषदेत हे मांडायचं ठरलं. तिची शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच आहे, त्यामुळे पीएचडी याच्यावरच तरणार होती. मी सोसायटीत पेढे वाटले. काय झालं म्हणून विचारलं की मी सांगे, पद्मजाने तोडलं. सुशीलाबाई घाबरून म्हणाल्या, अहो, लग्न ठरलं होतं का?

मग सरांनी तीच चीज नव्याने बनवायला सांगितली. नवी चीज अगदी तशीच, मण्याला मणी तोच, पण तोडेचना. जुनी तोडते, नवी नाही. मग त्यांनी जुन्या नळीत एक औषध घातलं, जे फक्त शरीरातल्या उपजत तोडणाऱ्याला बांधून ठेवतं. तर जुनीही गप्प झाली. म्हणजे इतके दिवस तोडत होतं ते पद्मजाचं नव्हतंच, कुणाच्या तरी अंगचं होतं. मी जेवता जेवता विचारलं, अंगचं म्हणजे कसं गं? ती म्हणाली, घामात असतं बाबा, उघडं बोट नुसतं टेकलं तरी पुरतं.

अक्का, माझा घास तसाच राहिला. मी माझ्या बोटाकडे बघितलं. हैदराबाद रद्द झालं. सरांनी हात कुणाचा म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, चूक माझीच. माझ्या पोरीच्या कामाला बोट लागलं, ते माझं होतं, आणि बोलणी ती खाते आहे. याची मला फार लाज वाटते. पण सांगायला गेलो की तोंडातून भलतंच निघतं. परवा सांगायला गेलो आणि तिला गॅस सिलिंडरचा नंबर सांगून आलो.

तेव्हापासून मी घरात हातमोजे घालतो. औषधांच्या दुकानातून रबरी आणले. दूध तापवतो, कणीक मळतो, तिचा डबा भरतो, सगळं मोजे घालून; न जाणो, अजून काय काय तोडत असेन. सुशीलाबाईंनी जिन्यात बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी कडुनिंबाचा पाला पाठवला. आता सोसायटीतलं कुणी माझ्या हातून तीर्थ घेत नाही.

भावजींना नमस्कार. थंडी वाढली आहे, गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
रंगनाथ

ता. क. खरं म्हणजे एका कामासाठी हे पत्र लिहिलं. तू पद्मजाला लिही, की खंडेनवमीला तू इथे आली होतीस आणि नळीला गंध तूच लावलंस. तू वर्ध्याला होतीस हे तिला माहीत आहे, पण तुझ्याशी वाद घालायची तिची हिंमत नाही. माझीही कधी नव्हती.

ता. क. दुसरा. मोज्यांमुळे पाकिटाला डिंक लावता येत नाही, म्हणून पत्र उघडंच पद्मजाजवळ देतो आहे. काळजी नको, ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

आत्या, सा. न.
वाचलं. मला पहिल्यापासून माहीत आहे, म्हणजे जुनी नळी गप्प झाली आणि मी ती उजेडात धरली त्या दिवसापासून. झाकणाच्या आत आपल्या घरच्या केशरी गंधाचा ठिपका होता. सरांना चूक माझी म्हटलं ते खोटं नव्हतं. नळी माझी आणि बाबाही माझेच. काल पेप्टाइडमध्ये एक मणी बदलून बघितला. सरांचं ते औषध घालूनसुद्धा आरएनए तुटला, अगदी थोडा, पण हवा तिथेच. बाबांच्या बोटापुढे काहीच नाही, पण तेवढं तोडणं माझं आहे. तू काही अंगावर घेऊ नकोस. फक्त त्यांना फोन कर आणि मोजे काढायला सांग. डब्यातल्या पोळीला रबराचा वास येतो, आणि मी महिनाभर काही न बोलता खाते आहे.
पद्मजा