दोन दांड्यांची गाडी

३ जून
कुबात म्हणतो, माझी जुनी उआझिक जीप विकून टाकू! पोटचा मुलगा असं बोलतो. शहरातून नवी गाडी घेऊन आलाय ना. "आपा, हिच्यात चारही चाकांना लागेल तसा जोर गाडीच वाटते. तुला काही करावंच लागत नाही." — मग ड्रायव्हर कशाला हवा?

५ जून
त्याची गाडी चालवून पाहिली. खडीवर झकास चालते, कबूल. चाक घसरायच्या आत तिला कळतं. पण मला काहीच कळत नाही! माझ्या उआझिकमध्ये सगळं माझ्या हातात. चिखलाआधी खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांचे खटके किल्लीने फिरवून लावायचे (त्याशिवाय त्या चाकांना जोर पोचत नाही), मग आत दोन दांड्या — एक पुढची चाकं जोडायला, दुसरी जड ओढीला. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं हेच करतेय. एकदाही रुतले नाही!

६ जून
पैज लागली. वर कुरणावर बोझुईचं, आमच्या नमद्याच्या तंबूचं, सामान न्यायचंय. वाटेतल्या ओढ्यात उआझिक रुतली तर विकायची. नाही रुतली तर कुबातने जन्मात पुन्हा विषय काढायचा नाही. सून जाझगुल मान खाली घालून चहा ओतत होती. तिला कुणी विचारलं नाही.

९ जून
जिंकले!! जाझगुल नेहमीसारखी माझ्या शेजारी. ओढ्याकाठी मेंढपाळांच्या तळावर ओस्मोनाली बाइकेने, सगळ्यांच्या थोरल्या भावाने, चहाला थांबवलं. म्हणाला, "बुरुलकान, ह्या म्हातारीला कशाला दमवतेस?" म्हटलं, "बाइके, तुमच्या गुडघ्यांपेक्षा हिचे सांधे बरे आहेत." मेंढपाळ खो खो हसले. मग मी त्यांना जुन्या-नव्यातला फरक असा काही समजावला की चहा निवून गेला.

कुबातने आधी त्याची गाडी ओढ्यात घातली. पलीकडच्या चिखलात चाकं गरगरली, आणि समोर दिवा — तापलेय, थांबा! मागच्या चाकांचा जोर आपोआप बंद. गाडी बसली ती बसलीच. मी दोन्ही दांड्या ओढल्या, त्याच्या शेजारून वर चढले, दोर बांधून त्यालाही बाहेर काढला. मेंढपाळांनी टोप्या हवेत उडवल्या. मला आभाळ ठेंगणं झालं!

१० जून
सकाळी खटके सोडवायला वाकले. दोन्ही लागलेले. लागलेलेच असणार, नाहीतर पुढच्या चाकांना जोर पोचलाच नसता. पण लावले कुणी? मी चहाची वाटी ठेवून थेट सीटवर बसले होते. बोलण्याच्या भरात विसरले! मी! किल्ली सीटखाली, जाझगुलच्या फडक्यात गुंडाळलेली.

तिला गाठलं. "तुम्ही बोलत होतात, आपा. एवढ्या माणसांत कसं सांगणार?" आमच्यात सून सासूची चूक चारचौघांत काढत नाही. "पण तुला येतं कसं?" "पाच वर्षं तुमच्या शेजारी बसून बघतेय."

पैज तिच्याच नवऱ्याशी होती, तरी तिने माझे खटके लावले. आणि मी कालपासून छाती काढून फिरतेय.

१२ जून
न्याहारीला सगळं सांगून टाकलं. कुबातने टाळी वाजवली. "म्हणजे तू एकटीने जिंकलीच नाहीस! विकायची!"

जाझगुलने किटली खाली ठेवली. पाच वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत मान वर करून बोलली —

"विकायची नाही. ती मी चालवणार."